ट्यूब कापण्याआधी

औष्णिक वीजकेंद्रात नोकरी करणाऱ्याला ‘बीटीएल’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बॉयलर ट्यूब लिकेज. रात्री-अपरात्री फोन वाजला आणि पलीकडून कंट्रोल रूममधला माणूस “मॅडम, मेकअप वाढलाय” (म्हणजे बॉयलरला वरून द्यावं लागणारं पाणी वाढलंय, कुठून तरी गळतंय) एवढंच म्हणाला, की पुढचे दोन-तीन दिवस घर विसरायचं. मी गेली अनेक वर्षं विदर्भातल्या एका केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला आहे. आमची युनिटं, म्हणजे बॉयलर-टर्बाइन-जनरेटरचे संच, जुनी, 210 मेगावॉटची. या काळात एका लिकेजचा छडा लावताना आमचा विभाग काम करण्याची एक वेगळी पद्धत शिकला. ती कशी रुजली, तिला कोण आडवं आलं आणि कोण पाठीशी उभं राहिलं, हे सगळं लिहून ठेवायला हवं असं बरेच दिवस मनात होतं.

बाहेरच्या माणसाला अंदाज यावा म्हणून थोडं यंत्राबद्दल. अशा युनिटचा बॉयलर म्हणजे पंधरा-वीस मजली इमारतीएवढा पोलादी सांगाडा आणि त्यात वरून टांगलेलं ट्यूबांचं जंगल. वरून टांगलेलं अशासाठी, की तापला की तो खालच्या बाजूला वाढतो. त्याला वाढायला जागा लागते. ड्रममध्ये, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी करणाऱ्या वरच्या जाड टाकीत, दर चौरस सेंटिमीटरला 150 किलोच्या आसपास प्रेशर, टर्बाइनकडे जाणारी वाफ 540 अंशांची. ट्यूबच्या आत पाणी किंवा वाफ, बाहेरून कोळशाचा जळता वायू. आपल्याकडच्या कोळशात राख पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते, आणि त्या राखेत क्वार्ट्झचे बारीक, टणक कण असतात. ते वायूबरोबर वाहतात आणि ट्यूबांवर घासत राहतात. दिवस-रात्र, वर्षानुवर्षं.

एका ट्यूबला सुईएवढं भोक पडलं तरी अख्खं युनिट बंद करावं लागतं. 210 मेगावॉट म्हणजे दिवसाला 50 लाख युनिट वीज. ती तर जातेच, शिवाय पुन्हा लाइट-अप करायला, म्हणजे बॉयलर पेटवायला, तेल जाळावं लागतं, आणि वर्षाची उपलब्धता घसरली की केंद्राला मिळणारा स्थिर आकारही कमी होतो. त्यामुळे लिकेज झालं की खालपासून वरपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: युनिट कधी येणार?

या प्रश्नाचं उत्तर देण्यात आमची माणसं तरबेज होती आणि आजही आहेत. मचाण बांधणारे, ग्राइंडर चालवणारे, अरुंद जागेत आडवं पडून आरशात बघून वेल्डिंग करणारे आमचे हाय-प्रेशर वेल्डर यांच्या हाताला तोड नाही. पण “ट्यूब का फुटली?” हे विचारायला कुणालाच सवड नसायची. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली, युनिट सिंक्रोनाइझ झालं, म्हणजे ग्रिडला जोडलं गेलं, की अहवालात एक ओळ पडायची: ‘फ्लाय ॲश इरोजन’, उडत्या राखेने झालेली झीज. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असं लिहितात, तसंच हे. चूक काही नाही, पण त्यातून कळतही काही नाही. राख सगळ्याच ट्यूबांवर घासते, मग हीच ट्यूब का?

आमच्या एका युनिटच्या इकॉनॉमायझरमध्ये (बॉयलरला जाणारं पाणी बाहेर पडणाऱ्या वायूवर आधी तापवणाऱ्या ट्यूबांच्या भागात), डाव्या बाजूला मागच्या कोपऱ्यात, लिकेज पुन्हा पुन्हा येत होतं. एकाच वर्षात आलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण ते अधूनमधून यायचं. मध्ये दुसऱ्या कुठल्या तरी भागात लिकेज व्हायचं, माणसं बदलायची, ठेकेदार बदलायचा. प्रत्येक वेळी ट्यूब कापली जायची, नवा तुकडा जोडला जायचा, जुना तुकडा भंगारात जायचा. म्हणजे पुरावाच भंगारात जायचा.

याच सुमारास आमच्याकडे नवे अधीक्षक अभियंता बदलून आले. पहिल्या दिवशी त्यांनी मोठं भाषण केलं नाही. रोजच्या सकाळच्या बैठकीत ते एकेका लिकेजबद्दल एकच प्रश्न विचारायचे, “पहिली ट्यूब कोणती?” सुरुवातीला आम्हाला तो प्रश्नच नीट कळत नव्हता. चार ट्यूबा फुटल्या असतील तर चारही बदलायच्या, त्यात पहिली-दुसरी काय? त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. एका ट्यूबला भोक पडलं की त्यातून सुटणारा झोत शेजारच्या ट्यूबवर आदळतो आणि तिला कापत जातो. मग ती फुटते, तिचा झोत तिसरीवर. आपण आत पोचतो तेव्हा चार भोकं दिसतात. त्यातली तीन परिणाम असतात आणि एक कारण असतं. ते कारण सापडलं नाही तर आपण परिणामच बदलत बसतो.

मग पुन्हा एकदा त्याच कोपऱ्यात लिकेज झालं.

मेकअपचं पाणी वाढलं होतं, फीड फ्लो आणि स्टीम फ्लो (आत जाणारं पाणी आणि बाहेर येणारी वाफ) यांच्यातला फरक रुंदावत होता, वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर चढत होते. आमच्या रात्रपाळीच्या ऑपरेटरने इकॉनॉमायझरच्या हॉपरखाली, म्हणजे राख जमणाऱ्या नरसाळ्याखाली, जाऊन पाहिलं तर राख ओली पडत होती. हे लक्षण मोठं बोलकं आहे. ओली राख हॉपरमध्ये चिकटते, जमते, आणि लवकर काढली नाही तर दगडासारखी होते. आता प्रश्न असा, की युनिट लगेच काढायचं की संध्याकाळच्या सर्वाधिक मागणीचा काळ निघेपर्यंत रेटायचं? ग्रिडमधली मागणी आणि पुरवठा सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्राला त्या वेळी प्रत्येक मेगावॉट हवा असतो आणि त्यांचं मागणं रास्तच असतं. पण रेटलेल्या प्रत्येक तासात झोत आणखी ट्यूबा कापत असतो.

साहेबांनी त्या रात्री शिफ्ट इन्चार्जला फोनवर सांगितलेलं वाक्य मला शब्दशः आठवतं, “तुला जे दिसतंय त्यावर ठरव, मी तुझ्या मागे आहे.” इन्चार्जने लोड डिस्पॅचला कळवून लोड उतरवायला सुरुवात केली. हे वाक्य छोटं वाटेल, पण वीजकेंद्रात ते फार दुर्मीळ आहे. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला थांबवण्याचा अधिकार कागदावर असतोच, पण तो वापरल्यावर सकाळी आपल्याला कोण काय विचारेल ही धास्ती त्याला असते. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशात उंचाहारला 500 मेगावॉटच्या युनिटमध्ये बॉयलरच्या तळाशी राख साचलेली असताना फर्नेसचा दाब वाढून स्फोट झाला आणि 40 हून अधिक माणसं गेली. त्या दिवसानंतर आमच्या क्षेत्रात बॉयलरजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात एक गोळा कायमचा राहिला आहे. थांबवायचा निर्णय कुणी आणि कधी घ्यायचा, हा आमच्यासाठी पुस्तकी प्रश्न नाही.

युनिट बंद झालं म्हणजे लगेच आत जाता येत नाही. आधी प्रेशर उतरवायचं, मग पंखे चालवून बॉयलर थंड करायचा. तोही घाईने नाही, कारण ड्रमच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या तापमानात फार फरक पडला तर ड्रमलाच धोका. आयुष्यभर टिकायला हवी अशी ती वस्तू आहे. सगळं आयसोलेशन (वाफ, पाणी, वीज तोडणं), कामाचं परमिट, आतल्या हवेची तपासणी, 24 व्होल्टचे दिवे. मॅनहोल उघडल्यावरही आतून भट्टीसारखी धग येत असते. पहिली टीम आत जाते ती ओले रुमाल बांधून, पंधरा-वीस मिनिटांच्या पाळीने.

तोपर्यंतच्या पद्धतीप्रमाणे ठेकेदाराची माणसं गॅस कटर घेऊन मॅनहोलशी तयार उभी होती. साहेब म्हणाले, “थांबा. आधीचे दोन तास माझे.”

दोन तास म्हणजे 4 लाख 20 हजार युनिट वीज. मुख्य अभियंत्यांनी लगेच विचारलं, का? साहेबांनी त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण परत येऊन मुख्य अभियंता म्हणाले, “ठीक आहे. मुख्यालयाला मी सांगतो. बघून घ्या, नीट बघा.” आमच्या विभागात जे काही बदललं त्याचं मूळ या दोन तासांत आहे असं मी मानते. तंत्र आमच्याकडे आधीही होतं. जाडी मोजायचा अल्ट्रासॉनिक मीटर होता, कॅमेरा होता, ड्रॉइंग होती. वेळ नव्हता, आणि तो वेळ मागायची कुणाची टाप नव्हती.

मी आणि माझ्याबरोबरचा एक कनिष्ठ अभियंता आत गेलो. इकॉनॉमायझरच्या कॉइलांमधली, म्हणजे नागमोडी वळवलेल्या ट्यूबांमधली, जागा एवढी कमी, की गुडघ्यावरही नीट बसता येत नाही. एका कुशीवर सरकत जायचं. खाली राख, हातमोज्यांतूनही जाणवणारी गरमी. कोपऱ्यात पोचलो तर तिसऱ्या कॉइलच्या ट्यूबला बोटभर लांब फट पडली होती, तोंड उघडून बाहेर वळलेली. ती बघितल्यावर कुणीही म्हणेल, हीच. नेहमी तिलाच ‘फेल्युअर’ म्हटलं जायचं. पण दिवा जवळ नेला तर तिचा पृष्ठभाग ताज्या घासलेल्या लोखंडासारखा चकचकीत होता, त्यावर राखेचा थर अजिबात नव्हता, आणि धातू एका ठरावीक दिशेने वाहून गेल्यासारखा झिजला होता. म्हणजे तिच्यावर कुठून तरी झोत येत होता. त्या झिजेची रेघ मागे मागे पकडत गेलो. झोत भिंतीकडून आला होता. भिंतीलगत, पहिल्या कॉइलच्या बेंडवर, म्हणजे वळणावर, मागच्या बाजूला एक बारीकसं भोक होतं. डोळ्यांनी दिसलं नाही, बोटाला लागलं. त्याच्या कडा पातीसारख्या धारदार झाल्या होत्या. मीटर लावला. मूळ जाडी 4.5 मिलिमीटर. भोकाशेजारी मीटर आकडाच दाखवीना इतकं पातळ, आणि त्याच बेंडच्या उलट्या बाजूला जवळजवळ मूळची जाडी शाबूत.

हे फार महत्त्वाचं होतं. आतल्या पाण्याच्या रसायनाने ट्यूब खाल्ली असती तर खुणा आतल्या बाजूला दिसल्या असत्या. तापून फुगली असती तर व्यास वाढलेला दिसला असता. इथे एकाच बाजूने, बाहेरून, भिंतीकडच्या अंगाने धातू गेला होता. म्हणजे राख सगळीकडे सारखी घासत नव्हती. बेंड आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून वायू बाकीच्या जागेपेक्षा जोरात जात होता.

आम्ही खडूने बाण काढला, वायूची दिशा लिहिली, डावीकडून कितवी कॉइल, वरून कितवी ट्यूब, कुठली उंची, हे सगळं पत्र्याच्या पट्टीवर कोरून तारेने बांधलं, फोटो काढले आणि मग बाहेर येऊन सांगितलं, आता कापा. कापलेले दोन्ही तुकडे भंगारात न जाता माझ्या टेबलाखाली आले. नंतर त्यांना स्टोअरमध्ये एक रॅक मिळाली.

दुरुस्ती नेहमीसारखीच झाली. आयबीआर, म्हणजे भारतीय बॉयलर नियमावलीचा परवाना असलेला वेल्डर, आर्गॉनवर रूट (जोडाचा पहिला थर), रात्री सगळ्यांना बाहेर काढून रेडिओग्राफी (जोडांचे एक्स-रेसारखे फोटो), मग हायड्रो. त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

खरं काम युनिट चालू झाल्यावर सुरू झालं, आणि ते जास्त कंटाळवाणं होतं. मागची जितकी वर्षं सापडतील तितक्या वर्षांची लिकेजेस एका ड्रॉइंगवर ठिपक्यांनी मांडायची. नोंदी विखुरलेल्या होत्या. ऑपरेशनच्या लॉगबुकात वेळ आणि लोड होता, जागा नव्हती. मेंटेनन्सच्या फायलीत जागा होती, पण ‘इको लोअर बँक एलएचएस’ (इकॉनॉमायझर, खालचा गठ्ठा, डावी बाजू) इतकीच. ठेकेदाराच्या बिलात किती जॉइंट मारले तो आकडा होता, आणि गंमत म्हणजे सगळ्यात अचूक माहिती तिथेच निघाली, कारण पैसे जॉइंटवर मिळतात. रेडिओग्राफीच्या अहवालांतून ट्यूबांचे क्रमांक मिळाले. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून आम्ही तिघं-चौघं ते जुळवत होतो. ठिपके पडत गेले तसा तो कोपरा काळा होत गेला. एखाद-दुसरा ठिपका उजवीकडेही होता, त्याकडे तेव्हा फारसं लक्ष गेलं नाही.

पण कोपरा कळला म्हणजे कारण कळलं असं नाही. फट तर मूळ डिझाइनमध्येही असते, आणि ती झाकायला बॅफलचा पत्रा असतो. ड्रॉइंगवर तो होता. शेवटच्या मोठ्या ओव्हरहॉलच्या (युनिट बंद ठेवून केलेल्या मोठ्या दुरुस्तीच्या) समारोपाच्या अहवालातही ‘बॅफल रिस्टोर्ड’ असं लिहिलेलं होतं.

उत्तर मिळालं ते आमच्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञाकडून. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. ड्रॉइंग भिंतीवर लावलेली असताना ते चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, “मॅडम, तिथी पत्रा होता. बेंड बदलाले काढला होता. मंग मचाण उतरवाची घाई झाली, पुरा लागलाच नाई.” मी विचारलं, “काका, हे आधी का नाही सांगितलं?” ते म्हणाले, “इचारलं कोनं?” आणि थोडं थांबून, “आन् सांगतलं असतं तं कोनाचं तरी नाव आलं असतं.”

त्या दुसऱ्या वाक्यावर मी अनेक रात्री विचार केला आहे. केंद्रात प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर कारणे दाखवा नोटीस निघण्याची भीती असते. ती भीती फक्त दोषी माणसाला नसते, ती त्याच्या मित्राला असते, त्याच्या हाताखालच्या माणसाला असते, आणि ज्याला काहीही माहीत आहे अशा प्रत्येकाला असते. परिणामी जे सगळ्या कारागिरांना माहीत असतं ते अभियंत्यांना माहीत नसतं, आणि जे अभियंत्यांना माहीत असतं ते वरच्यांपर्यंत पोचत नाही.

मी हे साहेबांना सांगितलं, काकांचं नाव न घेता. त्यांनीही नाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला, ठेकेदाराच्या सुपरवायझरांसकट, एकत्र बसवलं आणि सांगितलं, की या चौकशीच्या अहवालात कुणाचंही नाव येणार नाही. पत्रा कुणी काढला हे मला नको आहे, तो परत पूर्ण लागला नाही आणि तसं कागदावर आलं नाही, असं होण्यासारखी आपली पद्धत का होती ते मला हवं आहे. मुख्य अभियंत्यांनी त्यावर सही केली. या सहीनंतरच्या पंधरवड्यात आमच्याकडे जितकी माहिती आली तितकी आधीच्या कित्येक वर्षांत आली नव्हती. कुठे शील्ड निसटलंय, कुठला सूट ब्लोअर (वाफेच्या झोताने ट्यूबांवरची राख झाडणारं यंत्र) आत अडकून एकाच जागी वाफ मारत राहतो, कुठल्या हँगरची पिन गळून पडली आहे, सगळं. पोरं स्वतःहून येऊन सांगायची.

बॉयलरच्या बाबतीत तर ‘का?’ विचारण्याचा हा विषय अगदी मुळापासूनचा आहे. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, त्यातून 1864 चा बंगालचा कायदा झाला, पुढे 1923 चा देशभरासाठीचा कायदा, 1950 ची आयबीआर नियमावली, आणि आता 2025 चा नवा कायदा. आमच्या वेल्डरच्या परवान्यापासून हायड्रोच्या वेळी येणाऱ्या बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकापर्यंत सगळी शिस्त कुणी तरी “हे का झालं?” असं विचारल्यामुळे उभी राहिली आहे.

पुढच्या ओव्हरहॉलमध्ये आम्ही कोल्ड एअर व्हेलॉसिटी टेस्ट केली. युनिट बंद असताना, बॉयलर थंड असताना पंखे चालवायचे आणि माणसाने आत बसून अॅनिमोमीटरने ठिकठिकाणचा हवेचा वेग मोजायचा. ऐकायला सोपं आहे. आत मात्र धुळीचं वादळ असतं. गॉगल, मास्क, अंगभर बंद कपडे, वॉकी-टॉकीवर ओरडूनही ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा. आधी ट्यूबांच्या वर दोऱ्या बांधून चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात मीटर धरून आकडा, बाहेरचा माणूस तो तक्त्यात भरणार. तो कोपरा आला आणि मीटरची पाती अशी फिरली की माझ्या हाताला झटका बसला. सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेग होता.

आता दुप्पट वेग म्हणजे दुप्पट झीज नव्हे. राखेची झीज साधारणपणे वेगाच्या तिसऱ्या घाताच्या आसपास वाढते. वेग दुप्पट झाला तर झीज आठपट. जी ट्यूब सोळा वर्षं टिकायची ती दोन वर्षांत जाणार. ठिपक्यांचा काळा कोपरा एका गुणाकारात उलगडला.

त्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसली जी कुणाच्याच बोलण्यात नव्हती. उजवीकडे, जिथे ड्रॉइंगवर ते एक-दोन ठिपके होते, तिथेही वेग जास्त होता. तिथला बॅफल अपुरा नव्हता, उलट दुरुस्तीत तो गरजेपेक्षा रुंद लावला गेला होता. वाट पूर्ण अडवली की वायू तिथून हटून लगतच्या ट्यूबांवर दाटीने येतो. म्हणून डावीकडे नुसता भक्कम पत्रा ठोकून भागणार नव्हतं. आम्ही सच्छिद्र पत्र्याची जाळी बसवली, उजवीकडचा पत्रा कमी केला, आणि पुन्हा आत बसून सगळे चौकोन मोजले. दुसऱ्यांदा मोजायला प्लॅनिंगवाल्यांचा विरोध होता, वेळापत्रक सरकत होतं. साहेबांनी तोही वेळ दिला. दुसऱ्या मोजणीत एका ठिकाणी जाळी आणखी थोडी वाढवावी लागली, म्हणजे ती मोजणी केली नसती तर आम्ही लिकेज एका जागेवरून दुसरीकडे नेऊन ठेवलं असतं.

त्या कोपऱ्यात त्यानंतर लिकेज आलेलं नाही. लिकेजेस बंद झाली असं मात्र मी म्हणणार नाही. रिहीटरमध्ये आलं, वॉटरवॉलमध्ये सूट ब्लोअरजवळ आलं. पण प्रत्येक वेळी आधी पाहिलं, मग कापलं, आणि प्रत्येक तुकड्याला पट्टी लागली.

साहेबांची दीड-दोन वर्षांत बदली झाली. ती होणारच होती. त्यांच्याबरोबर पद्धतही जाईल अशी मला धास्ती होती, कारण आपल्याकडे चांगली कामं बरेचदा माणसाच्या नावावर चालतात आणि माणूस गेला की बंद पडतात. जाण्याआधी त्यांनी आम्हाला एकच काम नेटाने करायला लावलं. परमिट बंद करण्याच्या नमुन्यात एक ओळ वाढवून घेतली: ‘काढलेल्या ट्यूबचा टॅग क्रमांक आणि नकाशावरील नोंद’. ती ओळ भरल्याशिवाय परमिट बंद होत नाही, परमिट बंद झाल्याशिवाय बॉयलर चार्ज होत नाही. ओव्हरहॉलसाठी दुसरी ओळ: काढलेला प्रत्येक बॅफल, शील्ड, क्लॅम्प परत लागल्याचा फोटो. पुढे आलेले साहेब इलेक्ट्रिकलचे, शांत स्वभावाचे. त्यांनी पहिल्या बैठकीत ट्यूबबद्दल काही विचारलं नाही. पण पहिल्याच लिकेजच्या वेळी परमिटचा कागद त्यांच्यासमोर आला आणि त्यांनी विचारलं, “हा टॅग कुठाय?” मला त्या दिवशी जो आनंद झाला तो युनिट सिंक्रोनाइझ होतानाच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

मध्ये एकदा, उन्हाळ्याच्या भर मागणीच्या काळात, दोन युनिटं एकाच वेळी बाहेर असताना दोन तास मिळाले नाहीत. अर्धा तास मिळाला. तेवढ्यात जितकं पाहता आलं तितकं पाहिलं. पहिली ट्यूब कोणती हे त्या वेळी खात्रीने ठरवता आलं नाही, आणि नकाशावर तो ठिपका पोकळ वर्तुळ म्हणून आहे. भरलेला ठिपका म्हणजे कारण माहीत, पोकळ म्हणजे माहीत नाही. ही खूण आमच्या त्या कनिष्ठ अभियंत्याने सुचवली. माहीत नाही असं अधिकृत कागदावर लिहिता येणं ही मला आमच्या विभागाची फार मोठी कमाई वाटते.

आता प्रश्नच बदलत चालला आहे. दिवसा सौर वीज मुबलक येऊ लागल्यापासून आमच्यासारख्या युनिटांना दुपारी लोड उतरवावा लागतो आणि संध्याकाळी झपाट्याने चढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांनुसार कोळशाच्या युनिटांना क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत खाली यायचं आहे आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत. हे बॉयलर एका लोडवर स्थिर चालण्यासाठी बांधलेले. रोज तापणं-निवणं सुरू झालं की जाड हेडर (अनेक ट्यूबा ज्याला येऊन मिळतात तो मोठा पाइप) आणि त्याला जोडलेल्या पातळ ट्यूबा वेगवेगळ्या गतीने ताणतात आणि आखडतात, आणि भेगा जोडाच्या मुळाशी सुरू होतात. तिथे राखेची झीज नसते, मीटरवर जाडी पूर्ण दिसते, आणि तरीही ट्यूब जाते. नकाशावर अलीकडे आलेल्या ठिपक्यांपैकी काही हेडरच्या स्टबजवळचे, म्हणजे ट्यूब जोडायच्या आखूड तुकड्यांजवळचे, आहेत आणि त्यातले बरेच पोकळ आहेत.

येत्या ओव्हरहॉलच्या यादीत आम्ही हेडर स्टबच्या जोडांची डाय-पेनिट्रंट (रंग लावून भेगा शोधण्याची) आणि अल्ट्रासॉनिक तपासणी घातली आहे. सगळे जोड तपासायला वेळ पुरणार नाही, त्यामुळे कुठले निवडायचे यावर ऑपरेशन आणि मेंटेनन्स पहिल्यांदाच एका टेबलाशी बसून भांडत आहेत. ऑपरेशनवाले म्हणतात, लोड चढवताना जिथलं मेटल टेंपरेचर सगळ्यात वेगाने उडी मारतं ते जोड आधी घ्या. आम्ही म्हणतो, पोकळ ठिपक्यांपासून सुरुवात करा. काका निवृत्त झाले आहेत, पण गेल्या आठवड्यात त्यांना मुद्दाम बोलावून नकाशासमोर बसवलं. त्यांनी दोन जागा दाखवल्या ज्या आमच्या कुणाच्याच यादीत नव्हत्या. त्या यादीत वर घेतल्या आहेत.